मोगरा आणि डायहायड्रोजन मोनॉक्साइड

वीकेंडला पुण्याहून घरी गेलो होतो. घर म्हणजे संभाजीनगर, सिडको. रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बागवाल्यांची सभा भरते. सभा कसली, चार काकू, दोन रिटायर्ड काका, माझी आई आणि अधूनमधून माती-कुंड्या घेऊन येणारे नर्सरीतले मामा. यांचं एका बाबतीत घट्ट एकमत आहे: आपली भाजी 'केमिकल-फ्री'. केमिकल म्हणजे विष, विषय संपला.

आता मी पडलो इंजिनिअर. असं काही ऐकलं की डोक्यात किडा वळवळतोच.

"काकू, तुमच्या पालकात डायहायड्रोजन मोनॉक्साइड आहे, माहितीये?"

चहाचे कप थांबले.

"बाजारात भाजीवर जे औषध फवारतात ना, त्यात सगळ्यात जास्त हेच असतं. भाजी कितीही धुवा, जात नाही. लोखंड गंजवतं, वाफ अंगावर आली तर भाजतं, श्वासनलिकेत गेलं तर माणूस दगावतो. कॅन्सरच्या गाठीतसुद्धा सापडतं."

"अगं बाई! मग काढायचं कशानं ते?"

"नाही निघत. पाणी आहे ते, काकू. एच-टू-ओ."

सगळे हसले. आईनं पाठीत एक धपाटा घातला.

विनोद माझा नाही, बराच जुना आहे. १९९७ साली अमेरिकेत आयडाहोमधल्या नेथन झोनर नावाच्या चौदा वर्षांच्या मुलानं हीच माहिती शाळेतल्या ५० मुलांपुढे ठेवली आणि विचारलं, काय करायचं? ४३ जण म्हणाले, बंदी घाला! २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलिसो व्हिएहो या गावाची नगर परिषदसुद्धा यात फसता फसता वाचली. गंमत म्हणजे यातलं एकही वाक्य खोटं नसतं. फक्त पाण्याचं नाव बदललेलं असतं आणि 'किती' हा प्रश्न गाळलेला असतो.

मी असा कॉलर ताठ करून बसलेलो असताना मामा मात्र कोपऱ्यातल्या मोगऱ्यापाशी गेले.

हा मोगरा आजीचा. आजी जाऊन तीन वर्षं झाली. उन्हाळ्यात त्याची पहिली फुलं देवाला आणि दुसरी आईच्या केसांत, हा तिचा नियम आई अजून पाळते. यंदा मात्र तो मलूल होता. मामांनी कुंडी आडवी करून ठोकली, अख्खा गोळा बाहेर काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. गटारासारखा वास. मुळं काळी, बोटानं दाबली की साल निघून हातात येत होती.

"तुमचं ते केमिकल जास्त झालं बघा," मामा म्हणाले.

यावेळी हसायला मी नव्हतो.

कारण ते केमिकल मीच घातलं होतं. आईला बादल्या उचलाव्या लागू नयेत म्हणून मार्चमध्ये मी ठिबक आणि मोबाईलवर चालणारा टायमर बसवला. रोज सकाळी दहा मिनिटं. पण आईचाही एक प्रोग्रॅम वर्षानुवर्षं चालू आहे, तो मी विचारलाच नव्हता. आमच्याकडे नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो, त्या दिवशी आधीचं साठवलेलं पाणी 'शिळं' होतं आणि ते सगळं झाडांना जातं. एकाच कुंडीवर दोन प्रोग्रॅम आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही!

त्यावर कडी म्हणजे, व्हिडिओ कॉलवर पानं मान टाकलेली दिसली तेव्हा मी पुण्यात बसून टायमर पाच मिनिटांनी वाढवला. वाटलं, तहानलाय. मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरलं की हवा उरत नाही, प्राणवायूवाचून मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड पाण्यात उभं राहून सुकतं. वरून दिसायला तहान आणि बुडणं सारखंच.

मुळात ज्या गावात नळाची वाट बघत दिवस मोजतात, तिथं मी एक झाड पाणी पाजून मारलं होतं. मलिक अंबरानं सतराव्या शतकात डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरींतून, नुसत्या उतारावर या शहरात आणलं. आज ते पैठणच्या जायकवाडीतून, ५० किलोमीटरच्या आसपास लांबून, पंप लावून चढवावं लागतं. आणि मी त्याची दहाची पंधरा मिनिटं केली, कशानं, तर अंगठ्यानं.

मामांनी दोन हिरव्या काड्या शोधल्या, तिरक्या कापल्या आणि वाळूमिश्रित मातीत खोचल्या. जगतील का? "बघू," एवढंच म्हणाले. मग आईला म्हणाले, "ताई, दोन पेरं बोट आत घालायचं. ओलं लागलं तर पाणी नाही. नळ येवो, न येवो."

टायमर मी काढून ठेवलाय. शिळं पाणी आता फरशी पुसायला जातं. रोज रात्री फोनवर जेवलास का विचारून झालं की आई मोगऱ्याचा रिपोर्ट देते.

काल म्हणाली, "आज बोट कोरडं आलं, मग वाटीभर घातलं."

आणि मग हळूच, "तुझं ते केमिकल रे."