कमी असण्याचा फायदा

दिवाळीचा फराळ संपता संपता हवा पालटते, घरोघरी सर्दी-खोकला सुरू होतो आणि औषधांच्या दुकानांत ‘इम्युनिटी वाढवा’ असं सांगणाऱ्या बाटल्या पुढच्या फळीवर येतात. प्रतिकारशक्ती ही एकच गोष्ट आहे आणि ती जितकी जास्त तितकं बरं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. आमच्या शास्त्रातला पुरावा मात्र वेगळं सांगतो, आणि तो सर्वांत नेमका दिसतो एका प्रथिनात. मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन हे त्याचं नाव; आम्ही नुसतं एमबीएल म्हणतो. ते यकृतात तयार होतं, रक्तात फिरतं आणि जंतूंच्या अंगावरची साखर पकडतं. त्याला लस लागत नाही की जंतूशी आधीची ओळख लागत नाही. हे प्रथिन रक्तात कमी असणं हा सरसकट दोष नव्हे, असं माझं मत आहे. आणि त्याची साक्ष वऱ्हाड-विदर्भाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या कुष्ठरोगात मिळते.

आधी त्याची रचना पाहू. तीन साखळ्यांच्या पिळाचा एक देठ, देठाच्या टोकाला साखर धरणारी तीन डोकी, आणि असे अनेक देठ बुडाशी एकत्र बांधलेले: कणसांसकट ज्वारीची पेंढी डोळ्यांपुढे आणली की पुरे. प्रत्येक डोक्यात कॅल्शियमचा एक अणू असतो आणि साखरेची पकड त्याच्याच आधाराने होते. मॅनोजच्या रेणूवरचे दोन विशिष्ट हायड्रॉक्सिल गट त्या अणूपाशी नीट बसतात. गॅलॅक्टोजमध्ये त्यांतल्या एकाची दिशा वेगळी, म्हणून तो बसत नाही. आपल्या पेशींवरच्या साखरसाखळ्यांच्या टोकाला बहुधा गॅलॅक्टोज किंवा सियालिक आम्ल असतं, तर बुरशी आणि कित्येक जिवाणूंच्या अंगावर मॅनोज उघडं पडलेलं असतं. एका डोक्याची पकड अगदी कच्ची. अनेक डोकी एकाच पृष्ठभागावर टेकली तरच ती पक्की होते, आणि मग रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ ही प्रथिनांची साखळी जागी होऊन जंतूवर लेप चढतो. एवढ्या नेटक्या यंत्रात एका अक्षराची चूकही महाग पडते. जनुकाच्या 54व्या कोडॉनवर ग्लायसिनऐवजी अस्पार्टिक आम्ल आलं की पीळ बिघडतो. आई-वडिलांपैकी एकाकडूनच ही चूक आली, तर साखळ्या निम्म्या चांगल्या, निम्म्या सदोष. पण तिन्ही साखळ्या चांगल्या असलेले देठ आठांत एकच. म्हणून अशा माणसाच्या रक्तात हे प्रथिन निम्म्यावर न थांबता फार खाली जातं.

आता ऋषिपंचमीला शेगावात जमणाऱ्या गर्दीचा विचार करा. जगभरच्या अभ्यासांत साधारण 5 ते 10 टक्के माणसांत हे प्रथिन अगदी कमी आढळतं. तेच प्रमाण इथं धरलं, तर दर लाख भाविकांमागे निदान पाच हजार जण असे निघतील. ते रांगेत उभे राहतात, महाप्रसाद घेतात आणि धडधाकट घरी जातात. कोपनहेगनमध्ये 9 हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत, 2004 साली, कमी एमबीएल असलेल्यांत संसर्ग किंवा मृत्यू ठळकपणे जास्त दिसले नाहीत. मग 1989 साली वारंवार आजारी पडणाऱ्या तान्ह्या मुलांत या प्रथिनाची कमतरता सापडली, ते काय खोटं? मुळीच नाही. आईकडून मिळालेल्या अँटिबॉडी ओसरल्या आहेत आणि मुलाच्या स्वतःच्या अजून तयार व्हायच्या आहेत, अशा सहा ते अठरा महिन्यांच्या काळात हे प्रथिन खरोखर कामी येतं. ग्रीनलँडमधल्या मुलांत ते दिसलं. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांतही त्याच्या कमतरतेने फुप्फुसांची अवस्था जास्त बिघडते. बाकीच्या यंत्रणा शाबूत असल्या की त्याची उणीव भासत नाही, त्या लंगड्या असल्या की भासते.

पण ‘उणीव भासत नाही’ याच्या पुढची गोष्ट कुष्ठरोगात घडते. शेगावहून गाडीने पूर्वेकडे निघालं की अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वर्ध्याजवळ मनोहर दिवाणांनी 1936 साली सुरू केलेलं दत्तपूर आणि पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन, अशी या रोगाच्या इतिहासाची एक वाटच आहे. तिथं आयुष्यभर रुग्णांसोबत राहिलेल्या बहुतेक कार्यकर्त्यांना रोग झाला नाही. चमत्कार म्हणू नका: शंभरातली सुमारे पंचाण्णव माणसं या जंतूला मुळातच दाद देत नाहीत. कुष्ठरोगाच्या जंतूला जगायला महाभक्षक पेशीचं पोट लागतं. त्याच्या अंगावर मॅनोजयुक्त घटक असतात. कॉम्प्लिमेंटचा लेप चढला की पेशी लेपाला धरून त्याला आत ओढते, आणि आत जाणं हेच तर त्याला हवं असतं. म्हणजे जास्त एमबीएल ही त्याची सोय. इथिओपियातल्या कुष्ठरुग्णांत ते निरोगी लोकांपेक्षा जास्त आढळल्याचं 1994 साली नोंदलं गेलं. पुढे ब्राझील आणि नेपाळमधल्या अभ्यासांत, ते कमी ठेवणारे जनुकीय प्रकार लेप्रोमॅटस या पसरट, उग्र रूपापासून काही अंशी संरक्षण देताना दिसले.

यावर जाणकार दोन हरकती घेतील. पहिली: क्षयाचा जंतू याच कुळातला, मग तिथंही हेच दिसायला हवं. तिथला पुरावा खरोखर विस्कटलेला आहे. दक्षिण आफ्रिकेत सदोष जनुक संरक्षक ठरलं, तर चेन्नईत 1999 साली दोन्ही प्रती सदोष असलेल्यांत फुप्फुसाचा क्षय जास्त दिसला. माझ्या मते याने मुद्दा मोडत नाही, पण त्याची हद्द मात्र आखली जाते. क्षयाच्या जंतूला पेशीत शिरायच्या वाटा अनेक आहेत, एक बंद झाली तर त्याचं फारसं अडत नाही. दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. सदोष प्रकार इतके पसरले ते फायद्यामुळे नव्हे, निव्वळ योगायोगाने, असं 2006 सालच्या जनुकीय विश्लेषणाने सुचवलं. हे मला मान्य करावं लागतं. कुष्ठरोगाने हे जनुक निवडलं, असा दावा मी करणार नाही. पण योगायोगाने पसरायलासुद्धा ते जीवघेणं नसावं लागतं, आणि माझं म्हणणं तेवढ्यावर उभं राहतं.

म्हणून ठणठणीत माणसाने हौसेने एमबीएलची तपासणी करून घेऊ नये, आणि अहवालात आकडा कमी आला म्हणून काढ्यांच्या मागे लागू नये. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी खालावलेल्या रुग्णाचा प्रश्न वेगळा. तिथं हा आकडा विचारात घेण्यासारखा असू शकतो. प्लाझ्मातून शुद्ध केलेलं एमबीएल माणसांना देऊनही पाहिलं गेलं आहे, पण ते नेमकं कोणाला द्यायचं याचं समाधानकारक उत्तर नसल्याने रोजच्या उपचारात ते आलं नाही. कुष्ठरुग्णाच्या घरच्यांना आज सरकारी कार्यक्रमात रिफॅम्पिसिनचा एक डोस देतात. देताना कोणाच्या रक्तात किती लेक्टिन आहे हे विचारत नाहीत, आणि विचारायची गरजही नाही.