थांबण्याची खूण

ऑपेरा म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो थाट: सोनेरी सज्जे, मखमली पडदा, वादकांचा भला मोठा ताफा. मला लळा लागला तो त्याच्या धाकट्या भावंडाचा, चेंबर ऑपेराचा. मोजके गायक, डझनभर वादक, बेताची जागा. इथे कुणाला कुणाच्या आडोशाला लपता येत नाही. एक बासरी चुकली तरी साऱ्या सभागृहाला कळतं, आणि एक बासरी खुलली तरीही.

या लहान आकाराचा ध्यास घेतलेली एक संस्था इंग्लंडात होती, इंग्लिश ऑपेरा ग्रुप. संगीतकार बेंजामिन ब्रिटन, दिग्दर्शक एरिक क्रोझियर आणि चित्रकार जॉन पायपर यांनी १९४७ साली ती काढली. महायुद्धानं देश पिचला होता. मोठ्या ऑपेराचा डोलारा कुणाला झेपणार? त्याच वर्षी मंडळी युरोपच्या दौऱ्यावर गेली. खेळ रंगत होते, पण प्रवासखर्चानं कंबरडं मोडत होतं. तेव्हा गायक पीटर पिअर्सच्या मनात आलं, आपल्याच गावात महोत्सव का भरवू नये? जून १९४८मध्ये उत्तर समुद्राकाठच्या ऑल्डबरा गावात, छोटेखानी ज्युबिली हॉलमध्ये, तो भरलाही.

पैशाच्या अडचणीतून निघालेली ही वाट पुढे केवढ्या ठिकाणी पोचली! १९५८ साली जवळच्या ऑर्फर्डच्या चर्चमध्ये ब्रिटनचा ‘नॉइज फ्लड’ झाला. नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट, आणि तीत पशुपक्षी झालेली शाळकरी मुलं. ज्यांना व्हायोलिनच्या फक्त मोकळ्या तारा वाजवता येत, त्यांच्यासाठीही ब्रिटननं वेगळे स्वर लिहिले. पावसाचे पहिले थेंब कशावर वाजवावेत? ब्रिटनची सहकारी इमोजेन होल्स्ट हिनं त्याला चक्क स्वयंपाकघरात नेलं आणि चिनी मातीचे मग दोरीला ओळीनं टांगून लाकडी डावानं वाजवून दाखवले. ध्वनिमुद्रणात तो टपटप नाद येतो तेव्हा मी दर वेळी सावरून बसते. प्रयोगशील संगीत म्हणजे काहीतरी दुर्बोध, हा समज त्या मगांपुढे टिकत नाही.

या इमोजेनचे वडील गुस्ताव होल्स्ट. त्यांनी संस्कृतचे धडे घेतले होते आणि महाभारतातली सावित्रीची कथा घेऊन एक चेंबर ऑपेरा रचला होता. १९१६ साली तो लंडनमध्ये प्रथम झाला. गायक तीन, वादक बारा आणि पडद्याआडून स्त्रियांचा समूहस्वर. सुरुवातीला वाद्य एकही नाही. दुरून मृत्यूचा आवाज येतो आणि त्याला सावित्रीचा आवाज भिडतो. ज्येष्ठात जिच्यासाठी आपल्याकडे वडाला सूत गुंडाळतात, ती तिथे साथीशिवाय, नुसत्या गळ्यानिशी यमापुढे उभी असते.

पण माझं मन सर्वांत जास्त अडकलं ते ‘कर्ल्यू रिव्हर’मध्ये. ब्रिटननं १९५६ साली टोकियोत ‘सुमिदागावा’ हे नो नाटक पाहिलं होतं. हरवलेल्या मुलाला शोधत नदीकाठी आलेल्या आईची ती कथा त्यानं इंग्लंडच्या दलदलीच्या प्रदेशात आणली. १९६४ साली ऑर्फर्डच्याच चर्चमध्ये ग्रुपनं ती सादर केली. वादक सात; हातात छडी घेऊन समोर उभा राहणारा संचालक नाहीच. मग मेळ राखायचा कुणी? ब्रिटननं स्वरलिपीत एक नवी वळणदार खूण योजली. ती आली की गायकानं किंवा वादकानं आपला स्वर, किंवा आपलं मौन, धरून ठेवायचं. दुसरा ठरल्या जागी पोचेपर्यंत. प्रत्येकाची चाल वेगळी, तरी कुणी मागे सुटत नाही. गवई मोकळा फिरून समेवर येतो आणि तबलजी तिथे त्याची वाट पाहत असतो, तसं. फरक इतकाच की इथे ही वाट पाहणं कागदावर लिहिलेलं आहे.

एका लहान संस्थेचं सारं शहाणपण मला त्या खुणेत दिसतं. हुकूम देणारा मध्ये नसला की ऐकण्याची जबाबदारी प्रत्येकावर येते.

पुढे ग्रुपनं नाव बदललं आणि १९८०मध्ये काम थांबवलं. पण त्याचा आटोपशीरपणा रचनांमध्येच उतरला आहे. ‘कर्ल्यू रिव्हर’ला आजही सातच वादक लागतात, म्हणून कुठल्याही गावातली मूठभर जिद्दी माणसं ते उभं करू शकतात. आपल्याकडेही नवं काही करू पाहणाऱ्या लहान संस्था आहेत, आणि त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो तो गर्दीचा. त्याआधी त्यांचं काम मन लावून ऐकायला हवं. पन्नास खुर्च्यांच्या दालनात बसलेला श्रोताही वादकांइतकाच त्या मेळाचा भाग असतो. त्यातली एक खुर्ची आपली आहे असं समजून आपण तिथे जायला हवं, नाव ओळखीचं नसलं तरी.