भिंतीवरचा किल्ला

झाशीला बदली झाल्याचा हुकूम २०१२ सालच्या मार्चमध्ये हाती पडला, तेव्हा आमच्या घरात त्याचा आनंद एकाच व्यक्तीला झाला. ती म्हणजे आमची आई. बाकीच्यांनी झाशीच्या उन्हाळ्याची कीर्ती ऐकलेली होती. आईचे माहेर लांजे तालुक्यातले. नेवाळकरांचे मूळ गाव जे कोट, ते तिच्या माहेराहून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे झाशी हा तिच्या हिशेबी परमुलूख नव्हताच. आपल्याकडची माणसे नोकरीच्या निमित्ताने गेली आणि तिकडेच राहिली, अशा गावांपैकी ते एक मोठे गाव, एवढेच. राणीविषयी ती म्हणे, "आपल्या गावची लेक नसेल, पण सून तर खरी!" सुनेचे घर पाहायला आपण जाणार आणि किल्ला आपल्या पायांनी चढणार, हे तिने ट्रंका भरतानाच ठरवून टाकले होते. त्या वेळी तिला एक्क्याऐंशीवे वर्ष चालू होते.

किल्ल्याच्या पश्चिमेस, पाव कोसाच्या आत, एका जुन्या घराचा वरचा मजला आम्हांस मिळाला. पूर्वेच्या खिडकीतून किल्ला समोर दिसे. इतका समोर की, जाण्याची घाई वाटू नये. पहिला रविवार वर्षअखेरच्या हिशेबात गेला. दुसऱ्या रविवारी पाहुणे आले. तिसऱ्या रविवारी "ऊन फार आहे, पावसाळा लागला की जाऊ" असे आम्हीच म्हणालो. एप्रिलच्या अखेरीस आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली. पुढे ती काठीच्या आधाराने खाटेपासून खुर्चीपर्यंत चालू लागली. परंतु जिना तिला कायमचा बंद झाला. किल्ल्याविषयी ती त्यानंतर एक अक्षरही बोलली नाही. बोलली असती तर आम्हांस बरे वाटले असते.

मे महिन्यात झाशीस दुपारच्या वेळी दारे-खिडक्या लावून बसण्यावाचून गत्यंतर नसते. तिकडे ज्याला लू म्हणतात तो वारा सुरू झाला, की रस्तेदेखील भाजून निघतात. आईच्या खोलीच्या खिडकीला जुन्या लाकडाच्या जाड फळ्यांची झडप होती. अशाच एका दुपारी त्या फळीतली वाळलेली गाठ निखळून पडली असावी. आम्ही शेजारच्या खोलीत कागद चाळीत बसलो होतो, तोच आईची हाक आली. "अरे, इकडे ये. ही बघ, हंपीची सावली आली!"

हंपीच्या विरूपाक्षाच्या देवळात एका अंधाऱ्या दालनाच्या भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, ती आईने अनेक वर्षांपूर्वी यात्रेत पाहिली होती. समोर पाहतो तो खरोखरच तोच प्रकार. खाटेमागच्या चुनेगच्ची भिंतीवर सबंध किल्ला उलटा टांगलेला. तट खाली लोंबत आहेत, त्यांच्याखाली फरशीपर्यंत निळेफिकट आकाश पसरले आहे, आणि वर छताजवळ रस्ता. त्या रस्त्यावरून, पाय वर आणि डोके खाली करून, एक म्हैस संथपणे चालली होती. आणि हे सारे रंगांत!

आम्ही शास्त्राचे विद्यार्थी नव्हे. तरीही त्या रात्री पुस्तके काढून बसलो. अंधाऱ्या खोलीला एकच लहान छिद्र असले, की बाहेरच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला किरण सरळ रेषेत आत येतो. वरचा खाली पडतो आणि खालचा वर. गुपित एवढेच. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या अरब पंडिताने ग्रहणातल्या सूर्याची कोर अशाच छिद्रातून पाडून तिचा अभ्यास केला. पुढे १६०४ मध्ये केप्लरने या युक्तीस 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, हे नाव दिले. हातात मावणाऱ्या यंत्राला आपण आज कॅमेरा म्हणतो. मुळात तो शब्द खोलीचाच आहे. जयपूरच्या वेधशाळेत सवाई जयसिंहाने बांधलेले षष्ठांश यंत्र हीदेखील एक अंधारी खोलीच. मध्यान्ही छिद्रातून सूर्याचे बिंब आतल्या कमानीवरील अंशांच्या खुणांवर उतरते. म्हणजे जे साधण्यासाठी एका राजाने गवंडी लावले, ते आमच्याकडे सुताराच्या हलगर्जीपणाने साधले होते. आई त्याला अखेरपर्यंत सावलीच म्हणत राहिली. वस्तुतः तो प्रकाश. पण प्रकाशाने काढलेल्या चित्राला 'छायाचित्र' म्हणणाऱ्या आपल्या भाषेत तिला चूक ठरविण्याचा अधिकार कोणाला आहे?

या चित्राची छायाचित्रे घ्यावीत, आणि तीही दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी, हे वेड मग आमच्या डोक्यात शिरले. आमच्यापाशी एक साधारण प्रतीचा डिजिटल कॅमेरा आणि एक डुगडुगणारा ट्रायपॉड होता. पहिल्या दुपारी पाच सेकंदांचे एक्स्पोजर दिले, पडदा काळाकुट्ट. अर्धा मिनिट दिले. काळ्यात किंचित करडे. डोळ्यांना अंधाराची सवय झाल्यावर जे चित्र लख्ख वाटते, ते कॅमेऱ्याच्या लेखी जवळजवळ नसतेच. अखेरीस हिशेब बसला तो असा: खोली बारा फूट खोल, छिद्र करंगळी जाईल एवढे, भिंग एफ ८ वर, संवेदनशीलता १००; भर उन्हात वीस मिनिटांच्या पुढे. जुन्या फिल्मवर तर याहूनही पुष्कळ वेळ लागला असता, कारण प्रकाश फार मंद झाला की फिल्मची ग्रहणशक्ती प्रमाणाबाहेर घटते. अबेलार्दो मोरेल या अमेरिकन छायाचित्रकाराने १९९१ पासून खोल्या काळ्या करून त्यांत अवतरणाऱ्या दृश्यांची छायाचित्रे घेतली. प्रारंभी त्याला एकेका चित्रासाठी कित्येक तास शटर उघडे ठेवून बसावे लागे, हे वाचून आमचा जीव भांड्यात पडला.

चित्र अस्पष्ट होते, म्हणून आम्ही पत्र्याच्या तुकड्याला बारीक भोक पाडून तो फळीवर ठोकला. बारा फुटांच्या खोलीस सर्वांत रेखीव चित्र देणारे छिद्र अडीच-पावणेतीन मिलिमीटरचे असते. त्याहूनही लहान केले तर प्रकाश कडेला पसरून चित्र पुन्हा बिघडते. आमचे भोक तीन मिलिमीटरचे पडले. तटाचे बुरूज एकदम सुबक झाले. परंतु प्रकाश अकरा-बारा पटींनी घटला, आणि वीस मिनिटांचे चार तास झाले. चार तासांत ऊन तटाच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते. म्हणजे रेखीव किल्ला मिळणार, पण तो कोणत्याच वेळचा नसणार. आम्ही पत्रा काढून टाकला.

वेळांचा अभ्यास असा झाला. सकाळी सूर्य किल्ल्याच्या मागे. त्यामुळे किल्ला नुसता काळा ठोकळा, आणि सूर्याचे लिंबाएवढे बिंब भिंतीवर येऊन उरलेले सारे चित्र धुऊन टाकी. सूर्य वर चढे तसे ते बिंब भिंतीवरून खाली उतरे, आणि दीडदोन तासांत फरशीवर येई. मध्यान्ही रस्ता पांढरा फटफटीत आणि तट सपाट, जणू पुठ्ठ्यातून कापलेले. तीननंतर मात्र पश्चिमेचे ऊन सरळ तटावर पडे, एकेक बुरूज गोलाई घेई, आणि साडेपाचपर्यंत भिंतीवर जे काही चाले ते शब्दांत सांगण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. त्यानंतर दिवेलागणीपर्यंतच्या चित्रांना एक-एक तास देऊनही हाती राखच आली. मे महिन्यातल्या धुळीने किल्ला फिकट दिसे, आणि खोलीच्या उष्णतेमुळे छायाचित्रभर लालनिळे ठिपके उमटत.

उष्णतेचा उल्लेख आला म्हणून एक कबुली द्यावयास हवी. कूलर चालू असला की ट्रायपॉड थरथरे. म्हणून एक्स्पोजर चालू असेतो आम्ही कूलर बंद ठेवीत असू. आणि त्याच खोलीत, भट्टीसारख्या हवेत, आई खाटेवर पडून असे. "असू दे, तुझं होऊ दे आधी," असे ती म्हणे. हा क्रम चार-पाच दिवस चालला. मग एके दुपारी आमच्या पत्नीने खोलीत येऊन काही न बोलता कूलरचे बटण दाबले आणि ती आमच्याकडे पाहत उभी राहिली. पावसाळ्यापर्यंत आम्ही कॅमेऱ्याला हात लावला नाही.

या अवधीत आई मात्र ते चित्र रोज पाहत होती. आमच्या वहीत जेवढे होते त्याहून तिला अधिक ठाऊक झाले. रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबाची सावली पहिल्या बुरुजाला टेकली की चार वाजले. भाजीवाला उलटा दिसला की पाच. घारी तिच्या पायांशी घिरट्या घालीत. शाळा सुटली की छताजवळून सायकलींची रांग जाई, ती ती मोजी. पहिला पाऊस झाल्यावर टेकडी हिरवी झाली, हे ऑफिसातून येता-जाता आमच्या ध्यानात आले नव्हते, आईने सांगितले.

पावसाळ्यात मळभामुळे काम थोडेच झाले. पण सप्टेंबरअखेर हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. चांगली निघालेली सात-आठ छायाचित्रे मोठ्या आकारात छापून घेऊन आम्ही काहीशा अभिमानाने आईपुढे ठेवली. तिने ती एकेक करून जवळ धरून, दूर धरून पाहिली. मग विचारले, "आणि माणसं कुठे गेली?"

रस्ता ओस होता. सायकली नव्हत्या, रिक्षा नव्हत्या, भाजीवाला नव्हता. वीस मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये जो क्षणभर चमकून जातो, त्याची नोंद कॅमेरा ठेवीत नाही. १८३८ मध्ये दागेरने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हाही हेच घडले होते. गाड्याघोडे सगळे नाहीसे. उमटला तो फक्त कोपऱ्यावर उभा राहून बूट पुसून घेणारा एक गृहस्थ. तो पाय न हलविता थांबला होता, म्हणून.

त्या दिवसापासून ते रिकामे रस्ते पाहताना आम्हांस आमच्याच मंडळींची आठवण होऊ लागली. नारो शंकर १७४२ पासून पंधरा वर्षे झाशीचे सुभेदार होते. किल्ला त्यांनी वाढविला. त्या भागास शंकरगढ म्हणतात. १७५७ मध्ये पेशव्यांनी त्यांना परत बोलाविले. म्हणजे आपल्या भाषेत, बदली झाली! महाराष्ट्रात आज त्यांचे नाव निघते ते नाशिकच्या त्यांच्या देवळातील घंटेमुळे. आणि तेही बहुधा एखाद्याच्या खणखणीत आवाजाची चेष्टा करताना. १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. त्याच वर्षी मुंबईत छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली. तरीही निःसंशय राणीचे म्हणता येईल असे एकही छायाचित्र आपल्यापाशी नाही. आमच्यासारख्या तीन-तीन वर्षांच्या पाहुण्यांची तर गोष्टच सोडा. गणेशमंदिरातल्या उत्सवात दर वर्षी निम्मे चेहरे नवे असतात, असे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मंडळी हसत हसत सांगतात.

आईच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही ऑक्टोबरमधल्या एका दुपारी तिलाच चित्रात बसविले. भिंतीला लागून खुर्ची ठेवली. तिने पांढरे लुगडे नेसले होते. बरोबर साडेतीनला शटर उघडले. बावीस मिनिटे हलायचे नाही, असे सांगितल्यावर ती म्हणाली, "एक्क्याऐंशी वर्षं हलले, आता बसते की." तिने जपाची माळ घेतली. किल्ल्याचा तट तिच्या खांद्यावरून जात होता, एक बुरूज बरोबर कपाळावर, आणि मांडीवर सगळे आकाश. आम्हांस काही स्वस्थ बसवेना. घड्याळ पाहावयास उठलो, मधेच तिला पाणी हवे का म्हणून जवळ गेलो, परत आलो, पुन्हा उठलो.

कार्तिकात आई गेली. पुढच्या वर्षी आमची बदली झाली. खोली सोडताना फळीतले भोक लांबीने बुजवून द्यावे लागले, कारण ताबा देताना घर दुरुस्त असावे लागते.

ते छायाचित्र आता आमच्या पुण्याच्या घरी आहे. त्यात आईचा चेहरा स्पष्ट आहे. ओठ थोडेसे पुसट, आणि हातांच्या जागी माळेसह एक धुरकट पांढरे वर्तुळ. आम्ही कुठेच नाही. पाणी विचारावयास तिच्यापुढे वाकलो होतो त्या जागीसुद्धा नाही. पाहुणे येतात आणि किल्ला ओळखण्यासाठी मान वाकडी करतात. एका स्नेह्याने तर तसबीर उलटी लावावी, असे सुचविले. तशी लावली तर किल्ला उभा राहतो खरा, पण आरशातल्यासारखा, डावीकडचे बुरूज उजवीकडे जाऊन. आणि आई उलटी होते. आम्ही आईला सरळ ठेवले आहे.