पित्याची चाचणी

आमच्या धर्मग्रामातील विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात आम्ही उभयता पालकत्वाविषयी दोन शब्द बोलतो. गरोदर मातेच्या एचआयव्ही चाचणीचा विषय निघाला, की तरुण मंडळी हमखास माना खाली घालतात. जणू हा प्रश्न केवळ त्यांच्या वाग्दत्त वधूंचाच! हा समज येणाऱ्या बाळास घातक आहे, असे आम्हांला कळकळीने सांगावेसे वाटते.

उपचार न झाल्यास बाधित मातेकडून गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी वा अंगावरच्या दुधातून शंभरातील 15 ते 45 बालकांना संसर्ग होऊ शकतो. औषधे वेळेवर व नियमित घेतल्यास हेच प्रमाण 5 च्याही खाली येते. भारतात 2014 पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस आजन्म औषधोपचार देण्याचे धोरण आहे, आणि शासकीय केंद्रांत तो मोफत मिळतो.

परंतु पत्नीच्या रक्तात दोष आढळला नाही, म्हणजे कुटुंब निर्धोक झाले असे नव्हे. पतीची तपासणी झालेली नसेल आणि तो अजाणता बाधित असेल, तर तिच्या चाचणीनंतरही तिला लागण होऊ शकते. नव्या संसर्गात रक्तातील विषाणूंची संख्या फार मोठी असते. म्हणून गर्भारपणात वा बाळ अंगावर पीत असताना झालेली लागण अर्भकास अधिकच धोक्याची. पतीलाही समुपदेशनास बोलावतात ते यासाठी, अपराधी शोधण्यासाठी नव्हे.

मातेचा अहवाल आधी हाती येतो, एवढ्यावरून आजार तिनेच घरात आणला असे ठरविणे हा घोर अन्याय होय. 2017 च्या कायद्याने हे भय ओळखले आहे. संमतीवाचून चाचणी करता येत नाही; आणि मारहाणीची वा टाकून दिले जाण्याची रास्त भीती असेल, तर डॉक्टरांनी तिची बाधा पतीस कळवू नये, असे तो सांगतो. पतीपासून पत्नीला कायद्याने जपावे लागावे, याहून विवाहसंस्काराची विटंबना ती कोणती?

संत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. मरियेची बेअब्रू होऊ नये, हीच त्याची चिंता होती. पुढे हेरोद बाळाच्या जिवावर उठला, तेव्हा रातोरात मायलेकरांना घेऊन त्याने मिसर देशाची वाट धरली. आजच्या पतीला इतक्या दूर जायचे नाही. पत्नीच्या पहिल्या तपासणीस सोबत जावे, आपलाही हात पुढे करावा आणि अहवाल काहीही येवो, तिच्या शेजारीच बसून तो ऐकावा.