पिशवीच्या तोंडाची तपासणी

आमच्या घरात गर्भाशयाला कुणी गर्भाशय म्हणत नाही. अम्मी 'बच्चेदानी' म्हणते, स्टाफरूममधल्या मैत्रिणी 'पिशवी' म्हणतात, आणि शब्द कुठलाही असो, तो आला की आवाज खाली येतो. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. अरबीत दयेचा 'रहम' आणि गर्भाशयाचा 'रहिम' हे एकाच धातूचे शब्द आहेत. रहमान आणि रहीम ही अल्लाहची नावंही त्याच घरातली. शब्दांच्या धड्याला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. पण नववीच्या वर्गात ते सांगायला कुठली बाई धजेल?

तर या पिशवीच्या तोंडाची तपासणी करायची, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. मला पंचेचाळिसावं लागलं होतं. त्रास काही नव्हता. थायरॉइडच्या गोळ्यांसाठी गेले होते, त्यांनी वय विचारलं आणि म्हणाल्या, "पस्तिशीत एकदा आणि पंचेचाळिशीत एकदा, एवढं तरी करायला हवं. त्रास नसतानाच करायची असते ही." पाळी संपल्यानंतरची तारीख दिली. मध्ये बारा दिवस होते. मला जे सांगायचंय ते या बारा दिवसांचं आहे.

पहिल्या रात्री खाला आठवली. पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून लाल जायला लागलं. 'उष्णता झाली' म्हणून ती सब्जाचं पाणी पीत राहिली. घरात पुरुषमाणसं, सांगणार कुणाला? सोलापूरला नेलं तेव्हा आजार पुढे गेला होता. मला वाटलं, माझी भीती हीच आहे. पण तिसऱ्या-चौथ्या रात्री लक्षात आलं की झोप उडवतंय ते वेगळंच. डोळे मिटले की खाला दिसत नव्हती. दिसत होती प्रसूतीच्या खोलीतली ट्यूबलाइट. माझं पहिलं बाळंतपण, बी.एड.चा निकाल लागून महिना झालेला. मी कळांनी ओरडले तर तिथली बाई म्हणाली, "तेव्हा नाही ओरडलीस!" आणि दुसरी म्हणाली, "यांच्यात काय, दर वर्षीचंच." माझं ते पहिलं मूल होतं. पाय वर बांधलेले, अंगावर चादर नाही, आणि दार उघडंच. त्या टेबलावर पुन्हा चढायचं, ही माझी भीती होती. कॅन्सर तिच्या मागे, लांब कुठे तरी उभा होता.

हे कळल्यावर भीती गेली नाही, पण तिचं काय करायचं ते सुचलं. शिक्षिकेला जे सुचतं तेच: टाचण. वहीच्या पानावर प्रश्न लिहिले आणि मधल्या सुट्टीत दवाखान्यात फोन लावला. तपासणारी डॉक्टर बाईच असेल ना? खोलीत आणखी कोण असेल? काय काय काढावं लागेल? किती वेळ? दुखलं तर थांबता येईल? सिस्टर आधी हसल्या, मग मात्र खुर्चीत नीट बसून बोलाव्यात तसं सगळं सांगितलं. फक्त सलवार काढायची, लांब कुर्ता घालून या म्हणजे तो अंगावर राहतो. वर चादर असते. बदकाच्या चोचीसारखं उघडणारं एक साधन आत घालतात, मग लहानशा ब्रशने पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेतात. दोन-तीन मिनिटांचं काम. आधी दोन दिवस आतून कुठलं औषध नको आणि नवऱ्याजवळ जायचं नाही. "साधन लहान मापाचंही असतं," त्या म्हणाल्या, "भीती वाटत असेल तर तेच मागा." हे वाक्य मी अधोरेखित केलं. मागता येतं, हे मला माहीतच नव्हतं. आपल्यातल्या किती जणींना माहीत असेल?

मग मी वाचायला लागले. पॅप ही टेस्ट ज्यांच्या नावाने आहे ते पापानिकोलाऊ ग्रीक होते, न्यूयॉर्कला काम करायचे, एवढं पुस्तकांत असतं. पण अभ्यासासाठी वर्षानुवर्षं स्वतःच्या पेशी द्यायला त्यांची बायको अँड्रोमाकी तयार झाली होती. नाव नवऱ्याचं झालं, टेबलावर बाई होती. त्या बारा दिवसांत मला तीच जवळची वाटली.

आणि बार्शी! बार्शीची मला ओळख भगवंताच्या देवळाची आणि बाजारपेठेची. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायांना घेऊन अभ्यास केला आणि 2009 मध्ये तो जगभर वाचला गेला. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच झाली, तिथे आठ वर्षांत या कॅन्सरने 34 बाया गेल्या. जिथे झाली नाही, तिथे 64. शेतात राबणाऱ्या, नऊवारी नेसणाऱ्या, बुरखा घालणाऱ्या बाया त्या टेबलावर चढल्या असणार. त्यांच्या पुढे कुणी टाचण ठेवलं होतं?

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलने आणखी सोपी पद्धत वापरली. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं. बिघडलेली जागा पांढरी दिसते. हेच आम्ल सिरक्यात असतं, आपल्या दस्तरखानावरच्या. थोडं शिकवलेल्या बाया हे काम करत होत्या आणि त्यानेही मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाले.

घरात सांगितलं तेव्हा नणंद म्हणाली, "भाभी, आपल्यात सुंता असते, आपल्या बायकांना होत नाही हे." हे मी पुष्कळ वेळा ऐकलंय, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. सुंतेमुळे पुरुषांकडून हा विषाणू पसरण्याची शक्यता कमी होते. पण कमी म्हणजे नाही, असं कुठे असतं? खाला आपल्यातलीच होती. दुसरी गोष्ट नणंद बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर होती: हा विषाणू संबंधातून येतो ना, मग काही निघालं तर लोक काय म्हणतील? त्याचं उत्तर मी तिला दिलं आणि इथेही लिहून ठेवते. हा विषाणू लग्न झालेल्या बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी भेटतो, बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, आणि राहिलाच तर वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलाच रिपोर्ट सांगत नाही. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि चारित्र्याचा दाखला तर नव्हेच.

अम्मीचं म्हणणं, अल्लाहवर सोड. आधी उंट बांध, मग तवक्कुल कर, ही रिवायत मला लहानपणी सांगितली कुणी? तिनेच. तसं म्हटल्यावर हसली.

एक प्रश्न मी डॉक्टरांना विचारला नाही, ओळखीच्या आलिमांना विचारला: नंतर थोडा लाल डाग दिसला तर नमाज? त्या म्हणाल्या, तो हैज नाही, धुऊन वुजू करून पढायची. रमजानमध्ये तारीख मात्र घेऊ नये, रोज्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत आणि घाईचं काम नसेल तर ते ईदनंतर करावं.

बाराव्या दिवशी मुलांचे अब्बा बाहेर बाकावर बसले. मी आत जाऊन आधीच सांगून टाकलं, "मला भीती वाटते. बाळंतपणात वाईट अनुभव आलाय. करताना काय करताय ते सांगत राहा, आणि मी थांबा म्हटलं तर थांबा." हे वाक्य घरी आरशापुढे चार वेळा म्हटलं होतं, तरी आवाज कापला. डॉक्टरबाईंनी दाराला कडी लावली. एवढ्यानेच माझे खांदे सैल झाले. त्या सांगत गेल्या, आता गार लागेल, आता दाब वाटेल, आता श्वास सोडा. मी ओठांत दरूद पढत होते. अकराव्या वेळेला त्या म्हणाल्या, झालं. दुखलं नाही असं म्हणणार नाही. रग लागल्यासारखं झालं आणि गेलं.

रिपोर्ट चांगला आला, अलहमदुलिल्लाह. पुढची तारीख कधी तेही त्यावर लिहून दिलं होतं. ते मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

गेल्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. आवाज खाली. "भाभी, तुमचा तो लांब कुर्ता धुतलेला आहे का?"