दोन गाबोळ्या

मत्स्याहारी घरांत आषाढ लागला की गाबोळीचे माहात्म्य वाढते. तव्यावर खरपूस झालेला तो तुकडा कोणाच्या पानात पडावा, याविषयीचे प्रेमळ कलह आम्ही पाहिले आहेत व त्यांत भागही घेतला आहे. परंतु रोहूची गाबोळी दोन प्रकारची असते, आणि त्यांतील अंतर ना रंगावरून कळते ना चवीवरून, ही गोष्ट फार थोड्या वाचकांच्या कानी आली असेल.

मूलहून गडचिरोलीकडे जाताना वाटेत सावली लागते. हा प्रदेश भाताचा, म्हणूनच तळ्यांचा. मालगुजारांच्या काळापासूनच्या तलावांची व बोड्यांची येथे दाटी आहे. आसोलामेंढ्याचा इंग्रजी अमदानीतील विस्तीर्ण जलाशय याच तालुक्यात आहे. आणि पूर्वेस वैनगंगा वाहते. साठलेले आणि वाहते अशी दोन्ही पाणी इतकी जवळ असल्यामुळे आमचा विषय समजून घेण्यास याहून सोयीचे स्थळ शोधावयास नको.

कटला, रोहू आणि मृगळ या तिघांनाही तळे उत्तम मानवते. वरच्या थरात कटला चरतो, मधल्या थरात रोहू, आणि तळाशी मृगळ. एकत्र कुटुंबातील भावांनी धडा घ्यावा अशीच ही वाटणी आहे. परंतु या सुखवस्तू संसारात पाळणा मात्र हलत नाही. रोहूच्या मादीच्या पोटी वजनाच्या किलोमागे दोन-तीन लक्ष अंडी भरतात. तरी स्थिर पाण्यात ती बाहेर पडत नाहीत आणि हंगाम सरला म्हणजे देहातच विरून जातात. तलावाच्या पाळीवर जाळे सुकवीत बसलेल्या एका वृद्ध ढिवराने हे सारे शास्त्र आम्हांस एका वाक्यात सांगितले: “गुरुजी, तलावात मासा वाढते, पर पिल्लं द्याले त्याले वाह्यतं पानी पायजे.”

विलायती सायप्रिनसचे तसे नाही. १९३९ साली निलगिरीत आणलेला हा पाहुणा पाणवनस्पतींना आपली अंडी चिकटवून तळ्यातच संसार थाटतो. आमचा रोहू मानी आहे. नदी काठ सोडून पसरावी, गढूळ नवे पाणी उथळ कुरणांवर चढावे, तेव्हा कोठे तो प्रवाहाविरुद्ध निघतो. त्याची अंडी कशासही चिकटत नाहीत. पाणी पिऊन फुगतात, प्रवाहाबरोबर वाहत जातात, आणि सुमारे १५ ते २० तासांत पिल्लू बाहेर पडते.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून ही प्रसूती बंदिस्त पाण्यात घडवून आणली. तेव्हापासून जिरे आणि बोटुकली विकत घेऊन तळ्यात सोडण्याचा मार्ग खुला झाला, आणि ढिवरांच्या संस्थांचे वर्ष त्यावर चालू लागले. मग नदीची गरज ती काय, असे कोणी विचारील. परंतु हौदातील पिढ्या सगोत्र विवाहांनी रोडावत जातात. नव्या रक्तासाठी अखेर नदीच्याच दारी जावे लागते. तळ्याचे वैभव असे नदीच्या ठेवीवर उभे आहे.

म्हणूनच आम्ही म्हणतो की गाबोळ्या दोन. साठलेल्या तळ्यातील गाबोळी खाल्ल्याने कोणाचेही नुकसान नाही, कारण ती तशीही विरूनच जावयाची होती. परंतु पुराच्या दिवसांत नाल्याच्या तोंडाशी जाळे आडवे लावून जे चढणीचे मासे धरतात, त्यांच्या पोटी पुढल्या वर्षांची नदी असते. याबद्दल ढिवराला दोष देणे सोपे आहे. पण त्याची चूल पावसाळ्यातही पेटावी लागते, आणि गाबोळीला चार पैसे अधिक देणारे आपणच असतो. हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. तेवढ्या दिवसांत, पिशवी पुढे करण्यापूर्वी, “तळ्याची की नदीची?” इतके विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले म्हणजे विकणाऱ्याचे जाळे कोठे पडावे हेही हळूहळू ठरू लागते.