मांडवीची राखीव वाट

पणजीहून रायबंदरला जाणारा जांभ्या दगडाचा बांध पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्हारेसच्या काळात, 1633-34 मध्ये उभा राहिला. सुमारे 3 किलोमीटर लांबीचा हा बांध आजही बस आणि मोटारींचं ओझं वाहतो. पण तो मांडवी नदी ओलांडत नाही, नुसता काठाकाठाने जातो. पलीकडे बार्देशात जायचं तर होडी गाठावी लागे. पणजीपाशी मांडवीवर पूल व्हायला गोवा मुक्त व्हावा लागला.

नेहरू पूल 1970 मध्ये झाला आणि म्हापशाची वाट सोपी झाली. तोवर पणजीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहणं हा रोजच्या व्यवहाराचा भाग होता. वाट पाहताना माणसं भरती-ओहोटी ओळखत, मासळीचा भाव काढत, गावाकडची खबर विचारत. काठ हा थांबणाऱ्यांमुळे काठ असतो. पुलावरून जाणाऱ्याला मांडवी दिसते, भेटत नाही.

5 जुलै 1986 रोजी, ऐन पावसाळ्यात, नेहरू पूल कोसळला. खाऱ्या हवेत त्याच्या पोटातलं पोलाद गंजत गेलं होतं. साडेतीनशे वर्षांचा बांध उभा होता आणि सोळा वर्षांचा पूल पाण्यात गेला. बांधाचा दगड उथळ दलदलीवर बसलेला, पुलाला खोल पात्रावरून झेप घ्यायची होती, त्यामुळे जुने ते सगळे सोने असं म्हणणं अन्यायाचं होईल. मात्र त्या दिवसांत पणजीहून पलीकडच्या काठावरच्या बेतीला जाणारी फेरी लोकांच्या कामी आली, हे विसरता येत नाही. नवा पूल 1992 मध्ये आला, तोवर धक्के पुन्हा गजबजले.

पुढे त्याच्या जोडीला आणखी एक झाला. आता असे दोन पूल आहेत आणि त्यांच्या मधोमध, त्यांच्याही डोक्यावरून, 2019 पासून अटल सेतू धावतो. खाली पात्रात कॅसिनोची जहाजं नांगरलेली आणि त्यांच्यामधून वाट काढत बेतीची फेरीबोट अजून ये-जा करते. तीन पूल असताना ती कशाला, असं हिशेबी माणूस विचारील. घरात वीज आली म्हणून कुणी कंदील फेकून देत नाही, एवढंच त्याला सांगावं. फेरी टिकवायची ती जुन्या आठवणींच्या हौसेपोटी नव्हे. नदीकाठच्या शहराला पाण्यावरची एक वाट कायम चालू ठेवावीच लागते, आणि तिचा खर्च तोट्यात धरू नये.